खुणेची झाडं

११ ऑगस्ट

वहिनी, नमस्कार.

फोनवर आपण दोघंही गप्प बसतो आणि थोड्या वेळाने "बरं" म्हणून ठेवून देतो, म्हणून लिहितो आहे. तब्येत ठीक असेल, जेवण वेळेवर घेत असाल, असं धरून चालतो.

कामाचं आहे. फळमोजणीची वेळ आली. पंधरा-सोळा वर्षं तुमच्याकडच्या खोऱ्यातली मोजणी दादाच करत आला, त्यामुळे इथे हेड ऑफिसात त्याचा विचार कुणाला करावाच लागला नाही. आता अंदाज विभागात मला विचारतात, तुमचे बंधू नाहीत तर कोण करणार? बाहेरची दोन माणसं पाठवायचं चाललं होतं. ती माणसं वाईट नाहीत, पण त्यांना बागा माहीत नाहीत आणि बागेतल्या माणसांना ती माहीत नाहीत. मी तुमचं नाव सुचवलं आहे. दादा मोजायचा तेव्हा दुसरी मोजणी तुमचीच असायची. शाळेतून या दिवसांत अर्धवेळ सुट्टी मिळू शकेल का, ते बघा. जड जाणार असेल तर सरळ नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.

यंदा मोजणीवर नेहमीपेक्षा जास्त अवलंबून आहे, तेही सांगून ठेवतो. संचालकांना परदेशातून घट्ट केलेला संत्र्याचा रस पिंपांतून स्वस्तात मिळतो आहे. त्यांचं म्हणणं, खोऱ्यातून चार लाख पेट्या फळ येणार असेल तरच तिथला कारखाना यंदा चालवायचा. त्याच्या खाली अंदाज गेला तर कुलूप, आणि जे काय फळ येईल ते ट्रकने दुसऱ्या कारखान्यात. बागांमधला पिवळा रोग पाहता मला धाकधूक आहे. पण धाकधूक हा काही आकडा नव्हे.

तुमचा
धाकटा


१९ ऑगस्ट

भावोजी,

पत्र मिळालं. मी मोजणी करीन. मुख्याध्यापकांनी दुपारनंतरचे तास दुसऱ्याकडे दिले आहेत. जड जाईल की नाही ते केल्याशिवाय कळायचं नाही.

पद्धत मला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून पाठवते. कुठे चुकत असेन तर कळवा. प्रत्येक बागेत चिठ्ठी टाकून निवडलेली काही झाडं आहेत, त्यांच्या खोडाला चुन्याचा पांढरा पट्टा. ती खुणेची झाडं. बुंध्यापासून वर जाताना जिथे फांदी फुटते तिथे पुन्हा चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठी नेईल त्या फाट्याने जायचं. फळं बघून फांदी निवडायची नाही. शेवटी जी फांदी वाट्याला येईल तिच्यावरची सगळी फळं मोजायची. दोघांनी दोन बाजूंनी मोजायची आणि दोघांचं लिहून होईपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही. मग फळांचा घेर, आणि झाडाखालची गळ. पुढचे गुणाकार तुमच्याकडे.

दुसरी मोजणी करायला आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई तयार झाल्या आहेत. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, घरात बसून कंटाळल्या होत्या. त्या फार बोलतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, पण भिंत निदान चेंडू परत तरी देते. मी हसले नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या. पण मोजतात नीट. ह्यांच्या नि माझ्या मोजणीत नेहमी दोन-चार फळांचा फरक यायचा, ह्यांची कमी. देठ पिवळा पडलेलं फळ हे मोजायचेच नाहीत. मी म्हणायचे, अजून झाडावर आहे ना? तर म्हणायचे, आज आहे. बाईंच्या नि माझ्या मोजणीत फरक जवळजवळ नाही. यावरून आम्ही दोघी बरोबर आहोत की दोघी चूक, ते तुम्ही ठरवा.

जेवण वेळेवर घेते.

वहिनी


६ सप्टेंबर

भावोजी,

नदीकाठच्या बागा आणि टेकडीखालच्या दोन बागा मोजून झाल्या. आकड्यांचे तक्ते वेगळ्या पाकिटात पाठवले आहेत.

फळ चांगलं आहे. मला स्वतःला विश्वास बसेना म्हणून एका फांदीवर आम्ही पुन्हा मोजलं. बागेत शिरताना जीव घाबरतो. ओळीच्या ओळी पिवळ्या, पानांवर ठिपके, फळं एका अंगाने वाढलेली, लहान. हात लावला की देठ सोडतात. आणि मधेच पांढऱ्या पट्ट्याचं झाड येतं ते भरलेलं. पानं गडद. बाई थांबून बघतच राहिल्या. म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या मुलांनी असं चित्र काढलं असतं तर मी खोडलं असतं, म्हटलं असतं, एकच झाड एवढं हिरवं कसं? शेजारच्याचा रंग थोडा तरी लागतो.

 माझ्या मनात आलं ते तुम्हाला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्या झाडांना वर्षानुवर्षं ह्यांचा हात लागला आहे. हातगुण असतो म्हणतात, माझा त्यावर विश्वास नाही. तरीही बरं वाटलं. फेब्रुवारीत हे गेले, त्यानंतर बरं वाटलं असं म्हणावं असा हा पहिलाच दिवस.

वरच्या बागा पुढल्या आठवड्यात.

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

तक्ते मिळाले. दोनदा गुणाकार केला. उरलेल्या बागा अशाच निघाल्या तर आपण साडेचार लाखांच्या पुढे जातो. मी खुर्चीतून उठून जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो, काय करावं कळेना म्हणून.

ऑफिसात सगळे याला "दादांचा आकडा" म्हणू लागले आहेत. मोठ्या साहेबांनी कधी दादाला पाहिलेलंसुद्धा नाही, पण तेही म्हणाले की त्या खोऱ्याचा अंदाज प्रत्यक्ष फळापासून कधी फार लांब गेलेला नाही, तेव्हा यंदाही धरायला हरकत नाही. ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तुम्हाला आठवत असेल, मोजणीच्या दिवसांत मी घरी आलो तर दादा आकड्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. मी त्याच कंपनीत, त्याच विभागात, सख्खा भाऊ, तरी नाही. मी खोदून विचारलं की म्हणायचा, वाढ आमटी. मी एकदा चिडून म्हणालो, बाजारात तुरी, आणि तू कसला एवढा गुपचूप बसतोस? तर म्हणाला, तुरी बाजारात आहेत तोवरच गप्प बसायचं असतं.

वरच्या बागा लवकर झाल्या तर बरं. गळ आणि घेराचे तक्तेही सोबतच पाठवा.

धाकटा


२४ सप्टेंबर

भावोजी,

सगळ्या बागा झाल्या. तक्ते सोबत आहेत. पण मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

शेजारच्या मावशी काल संध्याकाळी आल्या. त्या कारखान्यात फळं निवडायच्या फिरत्या पट्ट्यावर उभ्या असतात, तुम्ही ओळखता. म्हणाल्या, कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली, यंदा दोन्ही पट्टे चालणार, माणसं घेणार. दरवर्षी त्यांच्यासारख्या निम्म्या बायका या दिवसांत डोंगराकडच्या सफरचंदांच्या गोदामांत नाव नोंदवतात, इथलं काम कमी पडलं तर हाताशी असावं म्हणून. यंदा कुणी नोंदवलं नाही. मावशी म्हणाल्या, कशाला जायचं तिकडे थंडीत कुडकुडायला, तुमच्या दिरांनी सांगितलंय ना भरपूर फळ आहे. मोजणी पुरी व्हायच्या आत तुम्ही आकडा दिलात का?

दुसरी गोष्ट. टेकडीवरच्या शेवटच्या बागेत खुणेच्या झाडाखाली गळ मोजायला मी बसले तर गुडघे ओले झाले. पाऊस होऊन बरेच दिवस झाले आहेत. शेजारच्या झाडाखालची माती कोरडी ठक्क, भेगा पडलेली. खुणेच्या झाडाभोवती आळं केलेलं, त्यात कुजलेला पाला. बागांची कामं करणाऱ्या टोळीचे मुकादम तिथेच होते. मी विचारलं तर म्हणाले, पाऊस पडला असेल तेवढ्यावर. मी बघत राहिले तर टोपी काढून डोकं खाजवू लागले आणि पलीकडे कुणाला तरी हाक मारत निघून गेले. तिथे कुणी नव्हतं.

बाकीच्या बागांत मी खाली बघितलं नाही. फांद्यांकडेच बघत होते. परत एक फेरी मारते. तोवर आकडा पुढे देऊ नका.

वहिनी


२९ सप्टेंबर

वहिनी,

आकडा दिला आहे. तात्पुरता म्हणून दिला होता. बैठक अलीकडे आली आणि माझ्यासमोर दुसरा इलाज नव्हता. नोटीस इतक्या लवकर लागेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, हे मान्य.

ओल्या मातीचं एवढं मनावर घेऊ नका. कुठेतरी नळी गळत असेल. एका झाडाने अंदाज हलत नाही.

आणखी एक लिहितो, रागावू नका. त्या झाडांमधून फिरणं तुम्हाला जड जात असणार. सहा-सात आठवडे तुम्ही तेच करता आहात. अशा वेळी माणसाला साध्या गोष्टीतही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मलाही होतं. परवा मी ऑफिसचं कपाट बंद केलं की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतलो. तुम्ही आता थांबा, विश्रांती घ्या. पक्का अंदाज वीस ऑक्टोबरला सहीसाठी जाईल, त्यात काही बदलायचं कारण मला दिसत नाही.

मला माझं स्वतःचं काही नाही. कारखाना चालला म्हणजे झालं.

धाकटा


७ ऑक्टोबर

भावोजी,

मी थांबले नाही. बाई आणि मी सगळ्या बागांत पुन्हा जाऊन आलो. फळं मोजली नाहीत, फक्त बुंधे आणि माती बघितली. खुणेच्या एकूण एक झाडाला आळं आहे, पाणी आहे, शेणखत आहे. पिवळे शेंडे छाटून टाकलेले. जिथे फांदी भाराने वाकली तिथे खाली टेकू. शेजारच्या झाडाला यातलं काही नाही.

मी मुकादमांच्या घरी गेले. ते जेवत होते, ताट बाजूला सारून उठले. मी म्हटलं, जेवा आधी. मग ओट्यावर बसून त्यांच्या बायकोशी इकडचं तिकडचं बोलले. म्हणजे ती बोलली. मुकादम हात पुसत आले आणि उभेच राहिले. मी विचारलं, कुणी सांगितलं होतं? ते म्हणाले, कुणी नाही. मी म्हटलं, कारखाना चालावा म्हणून केलंत का? तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं.

म्हणाले, "वहिनी, तुमच्या माणसाचं आम्ही दुसरं काय करणार होतो?"

मग थोडं थोडं सांगितलं. ह्यांना पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी नदीकाठच्या बागेत फवारणीला गेली. पांढऱ्या पट्ट्याचं झाड दिसलं तेव्हा कुणीतरी आपल्या प्यायच्या पाण्यातलं उरलेलं त्याच्या बुंध्याशी ओतलं. कुणी ते मुकादमांना आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी ओतलं. मग प्रत्येकाने एकेक झाड धरलं. बहार आला, फळ धरलं, तसे सगळे जास्तच जपू लागले. ज्याच्या झाडाची गळ झाली त्याला बाकीचे बोलायचे. एकाने म्हणे झाडाशी भांडण केलं. आपण मोजणीत गडबड करतो आहोत हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांना वाटतं ती ह्यांची झाडं आहेत. मी मोजायला जाऊ लागले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, की बघा, साहेबांची झाडं किती धरलीत ते वहिनींना दिसेल. ओली माती दाखवायची नव्हती ती एवढ्याचसाठी, की मी आभार मानीन आणि सगळ्यांना अवघडल्यासारखं होईल.

चूक कुठे झाली ते मला घरी येताना कळलं. दरवर्षी बहाराच्या आधी हे सगळ्या बागांतून फेरी मारायचे आणि टोळीला एकच वाक्य सांगायचे, खुणेच्या झाडाला शेजारच्यापेक्षा पसाभरही जास्त काही घालू नका. दरवर्षी तेच सांगतात म्हणून माणसं त्यांची नक्कल करायची. यंदा फेरी झाली नाही. सांगणारं कुणी नव्हतं. ते मला सुचायला हवं होतं की तुम्हाला, हा हिशेब आता करत नाही.

ती झाडं ह्यांची नव्हती, भावोजी. कुणाचीच नव्हती. बाकीच्या सगळ्या झाडांच्या वतीने ती उभी होती. आता ती फक्त स्वतःबद्दल सांगतात.

तेव्हा पाठवलेले सगळे तक्ते बाद समजा. आम्ही नव्याने चिठ्ठ्या टाकून दुसरी झाडं निवडली आहेत. त्यांना पट्टा मारलेला नाही, मला आणि बाईंनाच माहीत आहेत. काल मोजायला सुरुवात केली.

वहिनी


१० ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मुकादमाच्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसला, माझा बसत नाही. ज्याची रोजी कारखान्यावर आहे त्याने खुणेच्याच झाडाला खत घालावं आणि मनात काही नसावं, हे इथे कुणाला सांगून पटेल?

पण ते राहू दे. नव्या झाडांची मोजणी थोडी थांबवा. अंदाज म्हणजे शेवटी अंदाज. इकडे तिकडे दहा-पंधरा टक्के कुणी धरत नाही. पुढे थंडी चांगली पडली तर फळ मोठं होईल, रसाचा उतारा वाढेल, निम्मी तूट रसातच भरून निघेल. असं झालेलं आहे.

आणि कारखान्याला यंदा कुलूप लागलं तर ते पुढल्या वर्षी उघडेल असं मला वाटत नाही. बंद पडलेली यंत्रं कुणी पुन्हा तेल घालून चालू करत नाही. तुमच्या गल्लीतली किती घरं त्यावर आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. विभागाचंही तसंच आहे. खोरंच नसेल तर अंदाज कशाचा काढायचा? हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

दादा गेल्यापासून त्याच्या नावाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होतो आहे. तो तेवढा होऊ दिला तर काय बिघडेल?

धाकटा


१६ ऑक्टोबर

भावोजी,

नव्या झाडांचे तक्ते सोबत आहेत. गुणाकार मीही करून बघितला. दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास येतो. बाईंनी वेगळा केला, त्यांचाही तेवढाच. गळ अजून चालू आहे, म्हणजे हाही थोडा जास्तच असेल. उतारा वाढून एवढी तूट भरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रोगट फळाला मुळात रसच कमी, आणि आहे तो कडवट.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. कारण तुम्ही म्हणता त्यातलं बरंचसं मलाही वाटलं होतं. कारखान्याला कुलूप लागलेलं मला बघायचं नाही. फाटकावरून मी रोज शाळेत जाते.

पण मी एवढाच विचार केला, की दोन्ही पट्टे चालू झाले आणि फळ आलं नाही तर काय होईल? डिसेंबरअखेर पेट्या यायच्या बंद होतील. टाक्या अर्ध्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी माणसांना घरी पाठवतील. तेव्हा डोंगराकडच्या गोदामांतली भरती संपलेली असेल. ती या महिनाअखेर संपते. आता कुलूप लागलं तर लोकांना जायला जागा आहे. तेव्हा लागलं तर नाही. ही माणसं ह्यांना मानायची ती हे गोड बोलायचे म्हणून नाही. आकडा जाहीर झाला की हे म्हणतील त्यावर माणसं ठरवायची, यंदा इथे थांबायचं की मुलांना आजीकडे ठेवून बाहेर पडायचं. ह्यांनी कुणाला चुकीच्या वर्षी थांबवलं नाही.

म्हणून काल मी टोळीला आणि पट्ट्यावरच्या बायकांना शाळेच्या पडवीत बोलावलं. एवढ्या माणसांसमोर मी वर्गाबाहेर कधी बोलले नाही. तुमची सही अजून व्हायची आहे म्हणून मी आकडा सांगितला नाही. खुणेची झाडं निरोगी राखली गेली, त्यामुळे मोजणी फुगली, ती मी पुन्हा केली आहे आणि फळ कमी आहे, एवढं सांगितलं. कुणाला दोष दिला नाही. सगळे खाली बघत होते. मावशींनी विचारलं, मग कारखाना? मी म्हटलं, तो आमच्या हातात नाही, पण मी तुमच्या जागी असते तर गोदामात नाव घातलं असतं. मावशी म्हणाल्या, आमचंच पाणी आमच्याच पायावर पडलं म्हणायचं. कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. मुकादम हसले नाहीत.

जाताना ते माझ्याकडे आले. म्हणाले, आम्ही त्यांचं वाईट केलं का? मी नाही म्हटलं. ते उभेच राहिले, तेव्हा मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला ओरडून सांगितलं असतं आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलले नसते." त्यांना ते पटलं. मला वाटतं त्यांना तेच ऐकायचं होतं.

ही माणसं खोटं बोलली असतील असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही इथे असतात तर लिहिलं नसतं, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

मोजणी माझी आहे, सही तुमची. काय पाठवायचं ते तुम्ही ठरवा. ह्यांच्या नावाचं ओझं त्यात धरू नका. ते नाव आकड्याखाली कधी नव्हतंच. ऑफिसने नंतर घातलं.

वहिनी


२३ ऑक्टोबर

वहिनी,

नवा आकडा दिला.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं, टोळीने काय केलं आणि का केलं तेही. एक संचालक म्हणाले, म्हणजे माणूस मेला म्हणून झाडाला पाणी घातलं आणि आपण त्यावर नोटीस लावली? मी हो म्हटलं.  मला वाटलं होतं मला लाज वाटेल. वाटली नाही.

कारखाना यंदा चालणार नाही. पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी, असं म्हणाले, पण तोंडावर तसं दिसत नव्हतं. मला जानेवारीपासून खरेदी विभागात बसायचं आहे. पिंपांतून येणाऱ्या रसाचे कागद बघायचे. अंदाज विभागात एकच माणूस ठेवला आहे, तो मी नाही.

मुकादमांबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. त्यांना सांगू नका, त्यांना माहीत नसेल तर.

दादाच्या आजारात मी दोनदा येऊन गेलो आणि दोन्ही वेळा त्याच्याशी ऑफिसचंच बोललो. त्यालाही तेच हवं होतं, असं मला अजून वाटतं. तुम्हाला काय वाटतं, ते कधी विचारलं नाही.

धाकटा


१५ नोव्हेंबर

भावोजी,

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या परीक्षा होत्या.

ह्यांना ऑफिसचंच बोलणं हवं होतं. तुम्ही दोन्ही वेळा येऊन गेल्यावर हे पुष्कळ बरे होते. दुसऱ्यांदा तुम्ही गेलात तेव्हा मला म्हणाले, धाकट्याचे गुणाकार अजून घाईचे आहेत. हे कौतुक होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण आपल्या घरात सांगायची पद्धत नाही.

गेल्या आठवड्यात टोळीतली बहुतेक माणसं डोंगराकडे गेली. मावशीही गेल्या. जाताना घराची किल्ली देऊन गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही बोलत नाही ते बरं, गोदामातल्या बायकांची बडबड ऐकून आले की कान निववायला येईन. फळाची तोडणी अर्ध्या माणसांत चालली आहे. ट्रक भरून दुसऱ्या कारखान्याला जातात. पहिल्या तोडणीवरून बघता आमचा आकडा फार चुकलेला नाही. तुम्ही खरेदीत गेलात तरी कळावं म्हणून लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी मुकादम आले होते. पांढरे पट्टे खरवडून काढायचे का, असं विचारत होते. मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून नदीकाठच्या बागेतले काढले, बाकीचे बाई आणि मी काढणार आहोत. एक पट्टा खरवडताना ते म्हणाले, "आता ही मोजणीत नाहीत ना? मग पाणी घातलं तर चालेल?"

मी म्हटलं, आता चालेल. पण ते तर दुसऱ्या दिवशी जाणार होते. बाकीचेही. त्यांनी बादली तिथेच झाडाला टेकवून ठेवली.

पट्टा काढल्यावर मी ते झाड नीट बघितलं. सालीला तेच डाग, आतल्या फांद्यांवर तीच पिवळी पानं. रोग त्यालाही आहे, शेजारच्याइतकाच. नुसते लाड झाले म्हणून दिसत नव्हता. पाणी घातल्याने ते काही वाचणार नाही.

काल शाळा सुटल्यावर मी पाटावरून बादली भरून नेली आणि घातली. आज पुन्हा नेली. हे मी तुम्हाला अशासाठी कळवते, की तुमच्या जागी जो कोणी बसेल त्याला सांगून ठेवा. नदीकाठच्या बागेत एक झाड आहे, ते पुढल्या कुठल्याच अंदाजात धरू नका.

वहिनी